एसीच्या पाण्याचा इतिहास: बॉस्टनच्या बर्फापासून खोपटच्या भिंतीपर्यंत

१/ #धागा
एसीमधून पाणी गळू लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: या यंत्रात पाणी आले कोठून? ठाण्याच्या खोपट भागात, एसटी आगाराच्या आसपासच्या इमारतींत, उन्हाळा सुरू झाला की हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पलंगाशेजारी बादली ठेवली जाते. या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञ देतो, पण ते इतिहासातही सापडते. एसीचा जन्म हवेतील पाण्याचा बंदोबस्त करण्यासाठी झाला. माणसाला गारवा देण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले. हा धागा त्या पाण्याच्या वाटेचा आहे.

२/
आधी हवेचा विचार करू. ठाण्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर आणि शहरभर तलाव; खुद्द खोपटला सिद्धेश्वर तलाव आहे. उन्हाळ्यातील एका रात्री तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत मावणाऱ्या हवेत मिळून ते साडेसहाशे ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी त्या खोलीत डोळ्यांना न दिसता तरंगत असते. दारे-खिडक्यांच्या फटींतून आणि माणसांच्या श्वासातून त्यात सतत भर पडत राहते.

३/
हीच गोष्ट विदर्भात वेगळी होते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर घनमीटरमागे पाणी सुमारे ११ ग्रॅमच भरते. हवा अशी कोरडी असल्यामुळेच तेथे वाळ्याच्या ताट्या आणि पुढे कूलर यशस्वी झाले. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हे त्यांचे तत्त्व. कोकणपट्टीत मात्र हवा आधीच पाण्याने भरलेली. तिच्यात आणखी पाणी मावत नाही. कूलर नागपुरात हवेला पाणी देऊन गारवा मिळवतो, तर ठाण्यात गारव्यासाठी हवेतून पाणी काढून घ्यावे लागते. एकाच राज्यात या दोन परस्परविरुद्ध रीती नांदतात.

४/
यंत्रे येण्यापूर्वी कोकणातील घराने या दमट हवेशी वाऱ्याच्या आधाराने जुळवून घेतले होते. ओटी, पडवी, कौलांच्या फटी, समोरासमोरची दारे, सारी रचना हवा खेळती राहावी अशी. त्याच घराने दुसरा प्रश्नही सोडवला होता: पाणी कोठे जाणार? उतरते छप्पर, पुढे काढलेली वळचण, पागोळ्या झेलणारी पन्हळ आणि अंगणातून बाहेर जाणारा चर. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण या अनुभवातून आली. पाणी आपला उतार शोधते, म्हणून बांधणाऱ्याने तो आधीच द्यायचा असतो. गळणाऱ्या एसीच्या कहाणीत हाच धडा पुन:पुन्हा विसरला गेलेला दिसतो.

५/
मुंबईला ‘विकतचा गारवा’ प्रथम मिळाला तो समुद्रमार्गे. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून दूरदेशी विकत असे. १८३३ मध्ये त्याचे ‘टस्कनी’ हे जहाज कलकत्त्याला पोहोचले आणि १८३४ मध्ये मुंबईत बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाली, असे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यातील विनोद सोडला तरी एक गोष्ट उरते: या शहरात गारवा प्रथम आला तो श्रीमंतांच्या मेजावर.

६/
हा बर्फ साठवण्यासाठी मुंबईत गोदीजवळ बर्फघर बांधले गेले. बर्फघराची खरी कसोटी दोन गोष्टींत असे. पहिली म्हणजे लाकडाच्या भुश्यासारखे आवरण घालून उष्णता बाहेर ठेवणे. दुसरी, कमी चर्चिली जाणारी, म्हणजे वितळलेल्या पाण्याचा निचरा. लाद्यांभोवती पाणी साचले तर बर्फ अधिक वेगाने वितळतो, म्हणून तळाला उतार आणि पाणी जाण्याची वाट ठेवावीच लागे. गारव्याच्या धंद्यात निचरा हा नफ्यातोट्याचा विषय होता. बर्फघर चालवणाऱ्यांना हे ठाऊक होते. पुढच्या काळातील घरमालकांना ते भिंत ओली झाल्यावर कळू लागले.

७/
बर्फाने आणखी एक दृश्य घरात आणले: थंड पेल्याला फुटणारा ‘घाम’. मडक्याबाहेरचे पाणी मातीतून झिरपते, पण काचेच्या पेल्यातून पाणी झिरपणार कसे? दव आणि हा घाम यांमागे एकच कारण आहे. थंड पृष्ठभागाला लागलेली हवा ठरावीक तापमानाखाली गेली की तिच्यातील वाफ थेंब बनते. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावरील निबंधात या प्रक्रियेची पद्धतशीर मांडणी केली. त्या ठरावीक तापमानाला दवबिंदू म्हणतात. ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. एसीतील थंड कॉइल त्याहून पुष्कळ खाली असते, म्हणून तिला घाम फुटणे अटळ आहे.

८/
बर्फाच्या व्यापाराची एक खूण आजही प्रत्येक घरात आहे. ‘दीड टनाचा एसी’ यातील टन हे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. आजच्या परिमाणात सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर सुमारे १,३६० किलो बर्फ वितळण्याइतके काम करतो. कृत्रिम बर्फाच्या कारखान्यांपुढे बॉस्टनचा व्यापार १८७० नंतरच्या काळात मागे पडला. त्याचे माप मात्र दुकानदाराच्या तोंडी टिकून राहिले.

९/
पुढचा अध्याय गिरण्यांचा. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. सुताला दमट हवा मानवते. हवा कोरडी झाली की धागा तुटतो. किनाऱ्यावरील दमट हवा गिरण्यांना सोयीची होती, आणि ती कमी पडे तेथे कृत्रिम रीतीने ओलावा वाढवला जाई. इंग्लंडमधील विणकाम शाळांत वाफ सोडून हवा इतकी कोंदट केली जाई की कामगारांच्या आरोग्यासाठी १८८९ मध्ये आर्द्रतेवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. हवेवर नियंत्रण आले ते प्रथम मालासाठी. माणसाची पाळी फार उशिरा आली.

१०/
हवेतून पाणी काढण्याची गरज निर्माण झाली ती कागदामुळे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत शिळाछपाई होत असे. एकेक रंग स्वतंत्रपणे छापायचा आणि सगळे रंग अचूक एकमेकांवर बसवायचे, अशी पद्धत. दमट दिवसांत कागद फुगे, कोरड्या दिवसांत आकसे. दोन रंगांच्या छपाईदरम्यान हवा बदलली की चित्राची कड सरकलेली दिसे. हा प्रश्न १९०२ मध्ये बफेलो फोर्ज कंपनीतील २५ वर्षांचा अभियंता विलिस कॅरियर याच्याकडे आला. छापखान्यातील हवेत वर्षभर सारखाच ओलावा राहावा, अशी मागणी होती.

११/
मराठी वाचकाला हे छपाईतंत्र अनोळखी नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या चित्रांनी घराघरांतील भिंती भरल्या, ती अशीच रंगामागून रंग चढवत छापली जात. साडीची किनार आणि देवतेचा चेहरा जागेवर बसायचा, तर प्रत्येक वेळी कागदाचे माप तेच राहायला हवे. ब्रुकलिनच्या छापखान्याला सतावणारी अडचण अशी चित्रे डोळ्यांसमोर आणली की चटकन समजते.

१२/
कॅरियरने हवा थंड नळ्यांवरून नेली. हवा दवबिंदूखाली गेली, पाणी नळ्यांवर जमले, गळाले, आणि उरलेली हवा हव्या त्या कोरडेपणाची झाली. खोली गार होणे हा त्याचा सोबत आलेला परिणाम. पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुके पाहताना हवेचे तापमान आणि तिच्यातील ओलावा यांचे नाते त्याला उमगले, अशी हकिकत सांगितली जाते. २ जानेवारी १९०६ रोजी त्याला हवेवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी अमेरिकी गिरणी-अभियंता स्टुअर्ट क्रेमर याने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द योजला. त्याला मात्र गिरणीत ओलावा वाढवायचा होता. नाव ओलावा देणाऱ्याचे, यंत्र ओलावा काढणाऱ्याचे, असा हा संसार.

१३/
मुंबईत सर्वसामान्य प्रेक्षकाला वातानुकूलित हवेची ओळख करून दिली ती चित्रपटगृहांनी. कुलाब्याचे रीगल १९३३ मध्ये उघडले आणि १९३८ मध्ये मेट्रो आले. तिकीट काढणाऱ्याला पडद्यावरच्या चित्राइतकेच आतल्या हवेचेही आकर्षण वाटे. अशा मोठ्या इमारतीत यंत्रासाठी स्वतंत्र खोली असे, देखरेखीला माणूस असे आणि निघणारे पाणी नळांवाटे परस्पर गटारात जाई. प्रेक्षकाला पाण्याचा थेंबही दिसत नसे. एसी आणि पाणी यांचा संबंध लोकांच्या मनात रुजला नाही, याचे एक कारण येथे सापडते.

१४/
रेल्वेत मात्र गारवा आणि पाणी एकत्र दिसत. मुंबई-पेशावर मार्गावरील फ्रंटियर मेलला १९३४ मध्ये वातानुकूलित डबा जोडला गेला. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांच्यावरून हवा फिरवली जाई. वाटेतील ठरावीक स्थानकांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या लाद्या भरल्या जात. म्हणजे ट्यूडरच्या काळानंतर शंभर वर्षांनीही गारवा बर्फानेच वाहून आणला जात होता आणि त्याचे पाणी रुळांवर सांडत होते. त्याने कोणाची भिंत ओली होत नव्हती, इतकाच फरक.

१५/
घरातील प्रश्न सुरू झाला तो यंत्र लहान झाल्यावर. १९३१ मध्ये शुल्त्झ आणि शर्मन या अमेरिकी संशोधकांनी खिडकीच्या कठड्यावर बसणारे खोलीपुरते यंत्र पुढे आणले. किंमत इतकी होती की ते मोजक्याच घरांत गेले. तरी त्यामुळे एक मोठा बदल झाला: थंड करणारी कॉइल, गरम कॉइल, पंखे आणि पाणी, सारे एका पेटीत आले. यंत्रखोली नाही, देखरेखीचा माणूस नाही. पूर्वी अभियंत्याने पाहायचा तो निचरा आता घरमालकाच्या वाट्याला आला आणि तसे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

१६/
या इतिहासात ठाण्याचे स्थान केवळ गिऱ्हाइकाचे नाही. मोहन अडवाणी यांनी १९४३ मध्ये ब्लू स्टारची सुरुवात केली. टाटा सन्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी १९५४ मध्ये व्होल्टास स्थापन केली. दोन्ही नावांचे तुकडे जोडून हे नाव झाले. फोल्कार्ट ही १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई येथे सुरू झालेली स्विस पेढी, आणि तिचा मोठा व्यापार कापसाचा. कापूस आणि थंड हवा येथे पुन्हा एकत्र आली. या दोन्ही कंपन्यांचे कारखाने ठाण्यात पोखरण रोड क्रमांक २ वर उभे राहिले. खोपटपासून काही किलोमीटरवर देशासाठी वातानुकूलन यंत्रे बनत होती, आणि त्या काळी खोपटच्या चाळींत पंखा हीच मोठी सोय होती.

१७/
परवाना राजवटीत एसी ही चैनीची वस्तू मानली जाई आणि तिच्यावर जबर कर असे. एसी दिसत ते कचेऱ्यांत, बँकांत, मोजक्या बंगल्यांत, आणि बहुतेक खिडकीतले. खिडकी-एसीतही पाणी निघतच होते, पण पेटी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती बसवलेली असे. पाणी मागच्या तबकात जाई; कित्येक यंत्रांत मागच्या पंख्याभोवतीचे कडे ते उचलून गरम कॉइलवर उडवी. त्यामुळे थोडे पाणी वाफ होऊन जाई आणि कॉइलही थंड होई. उरलेले थेंब बाहेर पडत: खालच्या मजल्याच्या छज्जावर किंवा पदपथावरील माणसाच्या डोक्यावर. गळती तेव्हाही होती, तिची झळ परक्याला बसे.

१८/
दाट वस्तीच्या शहरांत यावरून तंटे होणे स्वाभाविक होते. हाँगकाँगमध्ये ठिबकणारा एसी हा सार्वजनिक उपद्रव मानला जातो. उन्हाळ्यात तक्रारी येतात, आरोग्य विभाग शोध घेतो, मालकाला नोटीस देतो आणि दंडाची तरतूदही आहे. आपल्याकडे हेच भांडण गृहनिर्माण संस्थेच्या सभेत होते. वरच्या मजल्याचे पाणी खालच्या पत्र्यावर रात्रभर टपटपते, खालच्याची झोप मोडते आणि सचिवाकडे अर्ज जातो. आवाज लहान असतो. पण महिनोन्महिने एकाच जागी पडणारा थेंब पत्रा गंजवतो, गिलावा भिजवतो आणि शेजाराचे संबंधही झिजवतो.

१९/
यानंतर यंत्राचे दोन भाग झाले. १९६० च्या दशकात जपानमध्ये भिंतीवर लावायचा स्प्लिट एसी घडत गेला: आवाज करणारा कॉम्प्रेसर बाहेर, सडपातळ पेटी आत. भारतात १९९१ नंतर कर उतरले, नव्या कंपन्या आल्या आणि पुढे स्प्लिटने खिडकी-एसीला मागे टाकले. खोली शांत झाली, खिडकी मोकळी झाली. मात्र पाणी जमण्याची जागा आता पूर्णपणे घराच्या आत, पलंगाच्या आणि टीव्हीच्या डोक्यावर आली. तेथून ते केवळ उताराच्या बळावर एका बारीक नळीने बाहेर जायचे. पूर्वी परक्याच्या डोक्यावर पडणारा थेंब अशा रीतीने मालकाच्या उशीवर आला.

२०/
हे पाणी थोडे नसते. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दोन लिटर पाणी काढू शकतो. आठ तासांच्या रात्रीत एक बादली भरते. ते कॉइलवरून खालच्या ट्रेमध्ये आणि ट्रेमधून ड्रेन पाइपमध्ये जाते. गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण येथेच असते. हवेतील धूळ पाण्यात मिसळते, अंधाऱ्या ओलसर ट्रेमध्ये बुळबुळीत थर धरतो आणि नळी तुंबते. सतत बांधकाम चालू असलेल्या शहरात ही धूळ भरपूर. बाहेरच्या टोकातून पाणी येते आहे की नाही हे पाहिले, तरी निम्मे निदान होते. दमट रात्री एसी तासभर चालूनही नळी कोरडी असेल, तर पाणी आतच साठते आहे.

२१/
दुसरे कारण उताराचे. पेटी निचऱ्याच्या उलट बाजूला कलली असेल, तर ट्रे एका कडेने भरून वाहतो. नळी मध्ये कोठे वर उचलली गेली असेल, तिला झोळ पडला असेल किंवा तिचे टोक बादलीतील पाण्यात बुडाले असेल, तर आत हवा अडकते आणि पाणी थांबते. गवंड्याची पाणसळ जे काम भिंत बांधताना करते, तेच एसी बसवताना करायचे असते. पुष्कळ घरांत नळीची वाट खोलीच्या सजावटीनुसार ठरवली जाते. छपराला उतार देणाऱ्या जुन्या सुताराला हे पटले नसते.

२२/
तिसरे कारण सर्वांत फसवे आहे: बर्फ. फिल्टर धुळीने भरला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल शून्याखाली उतरते आणि तिच्यावर बर्फ चढतो. एसी बंद केला की तो बर्फ एकदम वितळतो. ट्रे आणि नळी यांना तेवढे पाणी पेलत नाही. गॅस कमी झाल्यावरही असेच घडते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

२३/
चौथे कारण पेटीबाहेरचे. आतील पेटीकडे जाणाऱ्या तांब्याच्या थंड नळीवरचे फोमचे आवरण फाटले की त्या उघड्या भागाला घाम फुटतो आणि पाणी भिंतीतून उतरते. म्हणून तपासणीचा क्रम साधा ठेवावा. पाणी दिसताच एसी बंद करून त्याचा वीजपुरवठा तोडावा, कारण पाणी आणि विजेच्या तारा एकाच पेटीत असतात. बर्फ असल्यास वितळू द्यावा. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावा. नळीचे बाहेरचे टोक, झोळ आणि आवरण पाहावे. एवढ्याने गळती न थांबल्यास ट्रे व कॉइलची सफाई, पेटीची पातळी आणि गॅसची तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

२४/
घराबाहेर सोडलेले पाणी प्रश्न संपवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील मलेरियाची चौकशी चार्ल्स बेंटली यांच्याकडे होती आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. डास घरांतील व आवारांतील विहिरींत वाढत होते. विहिरी झाकण्याच्या आणि बुजवण्याच्या मोहिमेला धार्मिक भावनांमुळे विरोधही झाला. घरातील पाणी हा खासगी विषय की शहराचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आज विहिरीची जागा फ्रिजच्या आणि एसीच्या तबकांनी, कुंड्यांखालच्या बशांनी घेतली आहे. डेंग्यूचा डास अशा थोड्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. एसीखाली ठेवलेली बादली रोज रिकामी करणे हे म्हणूनच सार्वजनिक कर्तव्यही आहे.

२५/
आता एक साधा हिशेब. २८ घरांची एक इमारत, घरात एक एसी, तासाला एक लिटर, रात्रीचे आठ तास: २२४ लिटर पाणी. दुबईची बुर्ज खलिफा आपल्या वातानुकूलन यंत्रणेतील असे पाणी गोळा करून बागेला देते. वर्षाचा आकडा सुमारे दीड कोटी गॅलन सांगितला जातो. हे पाणी पिण्याजोगे नसते, कारण कॉइलचा धातू, धूळ आणि जंतू त्यात उतरतात. लादी पुसणे, शौचालय, झाडे यांना ते चालते. ज्या शहरात उन्हाळ्यात पाणीकपात होते आणि टँकर येतात, तेथे हेच पाणी भिंती नासवत वाहून जाते.

२६/
खोपटमध्ये जुन्या चाळी आणि इमारती पडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. नव्या घराच्या नकाशात एसीसाठी विजेचे बटण आणि बाहेरच्या यंत्राची जागा बहुधा दाखवलेली असते. निचऱ्याच्या नळीची वाट बरेचदा नंतर भिंत फोडून काढली जाते. पुनर्विकासाच्या बैठकीत चटईक्षेत्राइतका नाही, तरी थोडा वेळ या प्रश्नाला द्यायला हवा: प्रत्येक खोलीतून निघणारे हे पाणी कोणत्या उभ्या नळाला मिळणार आणि कोठे उतरणार? बांधकामाच्या वेळी एक नळ टाकण्याचा खर्च किरकोळ असतो. नंतर दरवर्षी ओल, रंग आणि शेजाऱ्याशी भांडण यांवर तो कितीतरी पटींनी होतो.

२७/
१८३४ च्या बर्फापासून आजच्या स्प्लिट एसीपर्यंत गारवा निर्माण करण्याची रीत प्रत्येक पिढीत बदलली, स्वस्त झाली आणि मेजवानीच्या मेजावरून मध्यमवर्गीय घरात आली. गारव्यासोबत येणारे पाणी मात्र प्रत्येक टप्प्यावर तेवढेच निश्चित होते. बर्फघर बांधणाऱ्याने त्याला उतार दिला, चित्रपटगृहाने नळ दिला, खिडकी-एसीने ते रस्त्यावर सोडले आणि स्प्लिटने ते घरात आणले. गळती ही या यंत्राची विकृती मानली, तर दरवर्षी दुरुस्तीच करीत राहावे लागेल. कोकणच्या हवेतून काढलेले पाणी घराबाहेर नीट पोहोचवणे हा एसी बसवण्याचाच भाग मानला, तर खोपटच्या भिंती कोरड्या राहू शकतील.
#ठाणे #इतिहास #विज्ञानाचा_इतिहास